मागल्या बांकावरचें मूल

शाळेची घंटा होते, गुरुजी वर्गांत येतात, फळ्यावर तारीख लिहितात आणि धडा सुरू होतो. धडा एक, गुरुजी एक, तास एक. मुलें मात्र चाळीस. त्यांतल्या एकाला गुरुजींच्या तोंडून शब्द निघतांच अर्थ कळलेला असतो. दुसऱ्याला तो उद्यां कळणार असतो. तिसऱ्याला फळा नीट दिसत नाहीं, चौथ्याला आवाज अर्धाच ऐकूं येतो, पांचव्याची घरची बोली पुस्तकांतल्या भाषेपासून कोसभर दूर असते, आणि सहावा मागल्या बांकावर बसून खिडकीबाहेरच्या कावळ्याकडे पाहत असतो. या सर्वांसाठीं धडा कसा आखावा, या प्रश्नाची शिक्षणशास्त्रांत आज फार चर्चा चालते व तिला ‘समावेशक शिक्षण’ असें भारदस्त नांवहि मिळालें आहे. नांव नवें असलें तरी प्रश्न नवा नाहीं. त्याचा इतिहास दोनशें वर्षांहून जुना आहे. आणि श्रोतेहो, तो मी आज आपल्यापुढें ठेवीत आहें तो एवढ्याचसाठीं कीं, त्यांत एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे. ज्या मुलांना शिकवितांच येणार नाहीं असें शहाण्यासुरत्या माणसांनीं ठरविलें होतें, त्यांच्यासाठीं कोणी कोणी चिकाटीनें धडे आखले. आणि पुढें त्याच धड्यांच्या पायावर सर्वसाधारण मुलांचीं बालमंदिरें उभीं राहिलीं.

आरंभीं एक भ्रम दूर केला पाहिजे. सारख्या वयाचीं मुलें एका खोलींत रांगेनें बसवून त्यांना एकदमच एक गोष्ट शिकवावयाची, ही कल्पना आपल्याला सूर्य पूर्वेस उगवण्याइतकी स्वाभाविक वाटते. परंतु आजच्या अर्थानें ‘इयत्ता’ ही वस्तु आपल्याकडे एकोणिसाव्या शतकांत आली. तत्पूर्वींच्या पंतोजींच्या शाळेंत कोणी धूळपाटीवर अक्षरें गिरवीत आहे, कोणी पाढे म्हणत आहे, कोणी मोडीचें वळण घोटीत आहे, असा एकच गलका असे. ज्याचें अक्षर पक्कें झालें तो पुढें सरके. ज्याचें झालें नाहीं तो तेथेंच गिरवीत राही. मोठा मुलगा धाकट्याला शिकवी. मद्रास येथील लष्करी अनाथालयाचा प्रमुख अँड्र्यू बेल यानें एका देशी शाळेंत वाळूवर अक्षरें काढणारीं मुलें पाहिलीं, तो प्रकार आपल्या संस्थेंत आणला, आणि मुलांनींच मुलांना शिकविण्याच्या आपल्या प्रयोगावर १७९७ सालीं लंडन येथें एक पुस्तिका प्रसिद्ध केली. ही रीत पुढें इंग्लंडांत ‘मद्रास पद्धति’ म्हणून गाजली.

ही कांहीं सुवर्णयुगाची कहाणी नव्हे. पंतोजींची छडी आणि अंगठे धरून ओणवें राहण्याची शिक्षा यांत गोडवा मानण्याचें कारण नाहीं. शाळेच्या ओट्यावर अस्पृश्यांच्या मुलाला जागा नव्हती, मुलींना बहुधा नव्हती, आणि मुक्या-बहिऱ्या मुलाला तेथें आणावें हें कोणाच्या मनांतहि येत नव्हतें. प्रत्येकानें आपल्या चालीनें चालावें ही सोय होती खरी, पण ती दाराच्या आंत आलेल्यांपुरती. दाराबाहेर राहिलेल्यांचा विचार नेटानें झाला तो पॅरिस शहरांत.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें आबे द लेपे या धर्मोपदेशकानें बहिऱ्या मुलांची शाळा काढली व हातांच्या खुणांनीं भाषा शिकविण्यास आरंभ केला. पुढें १७८५ च्या सुमारास व्हालांतां आवी यानें अंध मुलांसाठीं उठावाच्या अक्षरांची शाळा चालू केली. कान नसले तर डोळ्यांनीं, डोळे नसले तर बोटांनीं, असा हा सरळ हिशेब होता. परंतु ज्याचे कान आहेत, डोळे आहेत, हातपाय आहेत, आणि तरीहि जो कांहींच शिकत नाहीं, त्याचें काय करावयाचें? याचें उत्तर कोणाजवळ नव्हतें. आणि नेमक्या अशा वेळीं उत्तर मागणारें मूल रानांतून चालत आलें.

१८०० सालच्या जानेवारींत दक्षिण फ्रान्सच्या आव्हेरों प्रांतांत अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा वस्तीवर सांपडला. तोंडांत शब्द नाहीं, अंगावर धड वस्त्र नाहीं, अंगभर जखमांचे वण. कित्येक वर्षें तो एकटाच रानांत राहिला असावा. त्याला पॅरिसला आणलें तेव्हां सारें शहर पाहावयास लोटलें आणि निराश होऊन परतलें. कारण हा रानटी मुलगा कांहीं गंमत करीना, नुसता डोलत बसे. पिनेल या नामवंत मनोरोगतज्ज्ञानें त्याला तपासून, हें मूल बुद्धिहीन आहे, यावर उपाय नाहीं, असा निकाल दिला. पिनेल निर्दय नव्हता. वेड्यांना माणुसकीनें वागवावें म्हणून झटणारा तो थोर वैद्य होता. परंतु थोर माणसांचे निकालहि निकालच असतात, आणि एकदां दिले कीं ते मुलाच्या कपाळावर चिकटून बसतात.

बहिऱ्या-मुक्यांच्या संस्थेंत काम करणारा झां इतार नांवाचा सव्वीस वर्षांचा डॉक्टर मात्र तो निकाल मानीना. त्यानें मुलाला हातीं घेतलें, त्याचें नांव व्हिक्टर ठेविलें, आणि गेरां नांवाच्या एका मायाळू बाईच्या हवालीं त्याची देखभाल केली. मग धडे सुरू झाले. इतारनें प्रथम मुलाला शिकविलें नाहीं. प्रथम त्याला पाहिलें. एकदां त्यानें मुलाच्या पाठीमागें पिस्तुलाचा बार काढला. मुलानें मान वळविली नाहीं. पण कोणीं हळूच अक्रोड फोडला कीं तो झटकन् वळून पाही. कान बहिरे नव्हते. ज्याची गरज तेवढेंच ते ऐकत होते. मागल्या बांकावरच्या मुलाला ‘लक्ष नाहीं’ म्हणून दरडावणाऱ्या आम्हां मोठ्या माणसांनीं हा अक्रोड ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

मग इतारनें फळ्यावर किल्ली, कातर, हातोडी अशा वस्तूंचीं चित्रें काढलीं व प्रत्येक चित्राखालीं ती ती वस्तु टांगली. वस्तु काढून घेतल्या कीं मुलानें त्या पुन्हां जागच्या जागीं लावावयाच्या. व्हिक्टर बिनचूक लावूं लागला. दुसरा एखादा शिक्षक येथें आनंदानें पुढल्या धड्यास लागला असता. इतारला शंका आली. त्यानें चित्रांचा क्रम बदलला, आणि मुलगा चुकला. तो चित्र पाहत नव्हता, जागा पाठ करीत होता. इतारनें पुन्हां मागें येऊन धडा नव्यानें बांधला. पुढें अक्षरें आलीं. दूध दिसलें कीं दूध या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचीं चार सुटीं अक्षरें व्हिक्टर जुळवूं लागला; आणि एके दिवशीं फिरावयास जातांना त्यानें तीं चार अक्षरें आपण होऊन बरोबर घेतलीं, व ज्या घरीं त्याला दूध मिळे तेथें पोंचल्यावर मेजावर मांडून ठेविलीं.

याहून बोधप्रद प्रसंग पुस्तकाचा आहे. ‘पुस्तक’ हा शब्द लिहून दाखविला कीं व्हिक्टर ठराविक खोलींतून पुस्तक आणून देई. एकदां इतारनें त्या खोलीला कुलूप घातलें. जवळच दुसरीं पुस्तकें पडलीं होतीं; पण मुलगा त्यांच्याकडे न पाहतां हताश होऊन उभा राहिला. त्याच्या लेखीं पुस्तक म्हणजे तें एक पुस्तक. इतार आरंभीं फार खचला. परंतु विचार करतां त्याला उमगलें कीं, दोन वस्तूंतला सूक्ष्म फरक ओळखण्याची संवय या मुलाला आपणच लाविली. आतां दोन वस्तूंतलें साम्यहि आपणच शिकविलें पाहिजे. दोष धड्यांत होता, मुलांत नव्हता. शिक्षणाच्या इतिहासांत इतकी मोलाची कबुली मला दुसरी ठाऊक नाहीं.

व्हिक्टर बोलावयास कधींच शिकला नाहीं. पांच-सहा वर्षांनीं इतारनें हात टेकले. १८०१ व १८०६ सालच्या त्याच्या दोन निवेदनांत यशाइतकेंच अपयशहि मोकळेपणानें नमूद आहे. गेरांबाईच्या घरींच व्हिक्टर पुढें राहिला आणि १८२८ त वारला. आजचे कांहीं अभ्यासक त्याला आत्ममग्न, म्हणजे ऑटिस्टिक, मूल समजतात. कांहींना तें मान्य नाहीं. पण एक गोष्ट इतारनेंच लिहून ठेविली आहे. जेवणाचें मेज मांडणें हें व्हिक्टरचें काम असे. गेरांबाईंचा नवरा वारला त्या संध्याकाळीं त्यानें संवयीप्रमाणें त्याचेंहि ताट मांडलें. बाईंना रडूं कोसळलें. तें पाहून मुलानें तें ताट उचललें, कपाटांत ठेविलें, आणि पुन्हां कधीं मांडलें नाहीं. ज्याला बुद्धिहीन ठरविलें होतें त्याचें हें वर्तन आहे.

इतारचा शिष्य एद्वार सेग्विन हा गुरूपेक्षां अधिक पद्धतशीर. १८४० च्या आगेंमागें त्यानें पॅरिसच्या वेड्यांच्या इस्पितळांत टाकून दिलेल्या मंदबुद्धि मुलांचा वर्ग घेतला. प्रथम स्नायूंना वळण, मग इंद्रियांना, मग विचाराला, असा त्याचा क्रम होता. शिडी चढणें, झोंका घेणें, गुंड्या लावणें, नाडी बांधणें हेंहि त्याच्या मतें शिक्षणच. आणि गुंडी लावतां न येणाऱ्या मुलाच्या आईला विचारलें तर तीहि तेंच सांगेल. त्यानें एक लांकडी फळी तयार केली. वर्तुळ, चौकोन, तारा अशा आकृत्या तींत कोरलेल्या, व त्यांत बसतील असे सुटे ठोकळे. चुकीचा ठोकळा भोंकांत बसतच नाहीं; त्यामुळें ‘चुकलास’ असें कोणीं म्हणावें लागत नाहीं, फळीच सांगते. १८४६ त त्यानें आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि कांहीं वर्षांनीं तो अमेरिकेस निघून गेला. पॅरिसनें त्याला बहुतेक विसरून टाकलें.

त्याच शहरांत अंधांच्या शाळेंतली एक हकीकत जातां जातां सांगण्याजोगी आहे. आवीचीं उठावाचीं अक्षरें हीं डोळस माणसांच्या अक्षरांचीच प्रतिकृति होती. डोळ्यांना तीं सुबक, बोटांना मात्र किचकट. लुई ब्रेल या अंध विद्यार्थ्यानें वयाच्या पंधराव्या वर्षीं, १८२४ त, बोटाच्या पेराखालीं एकदम मावेल अशी सहा टिंबांची लिपि बसविली. विद्यार्थ्यांनीं ती उचलून धरली. शाळेच्या एका प्रमुखानें मात्र तिला कांहीं काळ मनाई केली, आणि शाळेनें ती अधिकृतपणें स्वीकारली ती ब्रेलच्या मृत्यूनंतर, १८५४ त. अंधांची लिपि आपल्यालाहि डोळ्यांनीं वाचतां आली पाहिजे, हा डोळस शिक्षकांचा आग्रह होता. धडा आखतांना सोय कोणाची पाहिली जाते, याचें याहून बोलकें उदाहरण मिळणार नाहीं.

यानंतर सक्तीच्या शिक्षणाचा काळ आला आणि प्रश्नाचें स्वरूपच पालटलें. इंग्लंडांत १८८० त व फ्रान्समध्यें १८८२ त सर्व मुलांना शाळेंत जाणें भाग झालें. पूर्वीं जें मूल शेतावर वा गल्लींत असे, तें आतां बांकावर येऊन बसलें. तत्पूर्वींच, १८६२ त, इंग्लंडांत निकालानुसार अनुदानाची पद्धत सुरू झाली होती. तपासनीस येई, मुलामुलाची वाचन-लेखन-गणितांत परीक्षा घेई, आणि जितके विषय पास तितके पैसे शाळेला मिळत. मुंबई इलाख्यांतहि खासगी शाळांच्या अनुदानासाठीं ही रीत आली. या पद्धतीनें शिक्षक कामाला लागले असें तिचे पुरस्कर्ते म्हणत. लागले असतील. परंतु ज्या मुलाची नापासी ठरलेलीच, तें शाळेच्या जमाखर्चांत तोट्याच्या बाजूला पडलें, हेंहि तितकेंच खरें.

अशा मुलांसाठीं काय करावें, हें ठरविण्यास फ्रेंच सरकारनें १९०४ त एक समिति नेमली. त्या कामांतून आल्फ्रेड बिने व त्याचा सहकारी सिमों यांची बुद्धिमापनाची पहिली कसोटी १९०५ त जन्मास आली. बिनेचा हेतु शुद्ध होता. कोणाला अधिक मदत हवी हें शिक्षकाच्या लहरीवर न सोडतां शोधून काढावें, आणि ती मदत द्यावी. बुद्धि म्हणजे जन्मतः ठरलेली, न बदलणारी राशि, असें मानणाऱ्यांवर त्यानें कडक टीका केली आहे. मंद मुलांच्या वर्गासाठीं त्यानें लक्ष एकाग्र करण्याचे खेळहि सुचविले. त्यांत पुतळ्यासारखें स्तब्ध राहण्याचाहि एक होता. परंतु १९११ त बिने वारला, कसोटी अमेरिकेंत गेली, आणि तेथें मदतीचा भाग गळून अंकाचा भाग तेवढा उरला. मूल कसें शिकेल हा प्रश्न मागें पडून मूल कितीचें आहे हा प्रश्न पुढें आला. सेग्विनच्या फळीचेंहि हेंच झालें. गॉडर्ड या मानसशास्त्रज्ञानें व इतरांनीं ती शिकविण्याचें साधन म्हणून नव्हे, तर घड्याळ लावून मोजण्याचें साधन म्हणून प्रचारांत आणली. आपल्याकडे डॉ. कामत यांनीं बिनेच्या कसोटीचें मराठी व कानडी मुलांसाठीं रूपांतर केलें. तें अभ्यासू काम होतें, पण येथेंहि पुढें तिचा उपयोग निवडीकडे झुकला.

याच सुमारास रोममध्यें उलट्या दिशेनें एक पाऊल पडलें. मारिया माँतेसोरी १८९६ त डॉक्टर झाल्या आणि तेथील मनोरुग्णालयाच्या कामावर रुजू झाल्या. वेड्यांबरोबरच तेथें मंदबुद्धि मुलेंहि कोंडलेलीं असत. चरित्रकार सांगतात कीं, जेवण झाल्यावर हीं मुलें जमिनीवरचे पावाचे तुकडे वेंचीत बसत, आणि राखणदारीण किळसेनें त्यांच्या हांवरेपणाकडे बोट दाखवी. माँतेसोरींनीं खोलीभर नजर टाकली. त्या खोलींत हातांत घेण्यासारखी दुसरी एकहि वस्तु नव्हती. मुलांना भूक होती ती बोटांची. त्यांनीं इतार व सेग्विन यांचीं विस्मृतींत गेलेलीं पुस्तकें शोधलीं, त्यांचें इटालियन भाषांतर केलें, आणि नीट मनन व्हावें म्हणून स्वतःच्या हातानें उतरून काढलें. १९०० मध्यें अशा मुलांच्या शिक्षकांसाठीं निघालेल्या रोमच्या शाळेंत त्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत शिकवीत. त्यांच्याकडील कांहीं मुलें सर्वसाधारण शाळेच्या परीक्षेस बसलीं आणि पास झालीं. लोक नवल करूं लागले. माँतेसोरींना नवल वाटलें तें वेगळ्याच गोष्टीचें: धडधाकट मुलें मग इतकीं मागें कां?

त्या प्रश्नांतूनच ६ जानेवारी १९०७ रोजीं रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तींत बालगृह निघालें. तीन ते सहा वर्षांचीं सुमारें पन्नास मुलें; वयें निरनिराळीं, खोली एक. सेग्विनच्या फळीवरून आलेले ठोकळे व आकृत्या तेथें होत्या, गुंड्या लावण्याच्या चौकटी होत्या. धडा देण्याची रीतहि सेग्विनचीच, आणि ती इतकी साधी आहे कीं आपण घरीं करून पाहावी. एक खरखरीत व एक गुळगुळीत असे दोन तुकडे घ्यावे. मुलाचें बोट त्यांवरून फिरवून ‘हें खरखरीत, हें गुळगुळीत’ एवढेंच म्हणावें. मग ‘मला खरखरीत दे’, ‘आतां गुळगुळीत दे’ असें मागावें. शेवटीं एकेक दाखवून ‘हें काय?’ असें विचारावें. मूल दुसऱ्याच पायरीवर अडलें तर ‘चूक’ म्हणूं नये, पुन्हां पुन्हां घोकून घेऊं नये. हंसत मुखानें आवरून ठेवावें, आणि पहिली पायरी दुसऱ्या दिवशीं पुन्हां घ्यावी. या रीतींत मुलाची नापासी होतच नाहीं. झालें तर धडा आज देण्याचा बेत तेवढा चुकतो. शंभर वर्षांपूर्वीं व्हिक्टरच्या फळ्यापुढें इतारला जें कळलें तें आतां साऱ्या मुलांच्या वांट्याला आलें.

आपल्या देशांत ही विद्या दोन वाटांनीं आली. खुद्द माँतेसोरीबाई १९३९ च्या नोव्हेंबरांत मद्रासजवळ अड्यार येथें आल्या. पुढल्या जूनमध्यें इटली युद्धांत उतरली. इंग्रज सरकारनें त्यांना नजरबंद केलें व त्यांचे चिरंजीव मारिओ यांना आपल्या अहमदनगरच्या छावणींत ठेविलें. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्तानें, १९४० च्या ऑगस्टांत, मारिओंना सोडण्यांत आलें. परंतु महाराष्ट्राच्या दृष्टीनें दुसरी वाट अधिक महत्त्वाची, आणि ती आधींची. भावनगरला गिजुभाई बधेका यांनीं १९२० त बालमंदिर काढलें होतें. राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाचें प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक १९२३ त तेथें गेल्या. १९२६ त नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९३६ त दादरला ताराबाईंनीं शिशुविहार सुरू केला. महागडीं परदेशी साधनें देशी सुतारांकडून स्वस्तांत करवून घेण्याची धडपड चालूच होती. तरीहि ताराबाईंना एक गोष्ट टोंचत होती: हें शिक्षण शहरांतल्या खाऊनपिऊन सुखी घरांतच फिरत आहे.

म्हणून १९४५ त वयाची पन्नाशी उलटल्यावर त्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी या समुद्रकांठच्या गांवीं गेल्या. बालवयांत वैधव्य आलेल्या व त्यांतून जिद्दीनें शिकून शिक्षिका झालेल्या अनुताई वाघ त्यांना तेथेंच येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण वस्तीवरचीं हरिजनांचीं मुलें येईनात. ज्या दारानें शंभर पिढ्या हांकलून दिलें त्या दारांत आज बोलावतांच कोण येणार? ताराबाईंनीं मुलांची वाट पाहण्याचें सोडलें आणि बालवाडीच उचलून वस्तींतल्या अंगणांत नेली. तीच अंगणवाडी. विकत आणावयाचीं साधनें तेथें कोठून असणार! मग शिंपले, खडे, बिया, पानें, बांबूचे तुकडे यांचींच साधनें झालीं. लहान-मोठें, जड-हलकें, खरखरीत-गुळगुळीत, सारें त्या शिंपल्यांत होतें. माँतेसोरींच्या कांहीं कट्टर अनुयायांना ही भेसळ वाटत असे. मला विचाराल तर इतार आणि सेग्विन यांचा खरा वारसा त्या शिंपल्यांतच होता. कारण त्यांनींहि साधन पाहून मूल निवडलें नव्हतें, मूल पाहून साधन केलें होतें.

१९५७ त काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली लोकांच्या मुलखांत गेलें, आणि तेथें नव्या अडचणी उभ्या राहिल्या. वारली मुलाची बोली निराळी. पुस्तकांतल्या मराठीनें तें बुजे, आणि बुजलेल्या मुलाला मठ्ठ म्हणणें मास्तरांना सोपें जाई. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेंत यावयास तयार असे, पण कडेवरच्या भावंडाचें काय? तेव्हां पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारांत आणण्यांत आलीं; भाऊ पाळण्यांत, बहीण वर्गांत. याला विकासवाडी असें नांव दिलें. मुलगा दिवसभर गुरांमागें रानांत, तर शाळा त्याच्यामागें कुरणांत गेली, तिचें नांव कुरणशाळा. या मुलांना आंधळेपण नव्हतें, बहिरेपण नव्हतें. त्यांची अडचण गरिबीची व बोलीची. तरीहि वर्गाबाहेर राहण्याचा परिणाम तोच. धडा आखणें म्हणजे फळ्यावर काय लिहावयाचें एवढेंच नव्हे, तो कोठें, केव्हां आणि कोणत्या बोलींत द्यावयाचा हेंहि आलें, हें या दोन बायकांनीं करून दाखविलें. अंगणवाडी हें नांव पुढें १९७५ च्या ऑक्टोबरांत सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेनें उचललें, व तें खेडोपाडीं गेलें.

दरम्यान विशेष मुलांच्या वेगळ्या शाळा निघत होत्या. बहिऱ्या मुलांसाठीं मुंबईंत १८८५ च्या सुमारासच संस्था निघाली. मंदबुद्धि मुलांसाठीं वकील दांपत्यानें आपल्या जय या मुलीच्या निमित्तानें १९४४ त शाळा काढली, ती आजहि चालू आहे. या शाळांचे उपकार मोठे आहेत. परंतु वेगळी शाळा निघाली कीं साध्या शाळेला हायसें वाटतें. तें मूल आतां आपलें नव्हे, तिचें, असा तिचा समज होतो. अपंग मुलांना साध्या शाळेंत सामावून घेण्याची केंद्र सरकारची योजना १९७४ त आली. नंतर १९९५ चा कायदा, २००९ चा शिक्षणहक्काचा, आणि २०१६ चा अपंगांच्या हक्कांचा. या शेवटच्या कायद्यानें अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले व त्यांत वाचन-लेखनांत अडखळणाऱ्या, एरवीं हुशार असणाऱ्या, मुलाचाहि समावेश केला. पूर्वीं हें मूल ‘आळशी’ या सदरांत जात असे.

कायद्यानें मूल वर्गांत आलें; धडा मात्र शिक्षकालाच आखावा लागतो. भागाकार शिकवावयाचा असेल तर मागल्या बांकावर चिंचोक्यांचा ढीग लागतो, अंध मुलाला टिंबांची पाटी लागते, बहिऱ्या मुलाला गुरुजींचे ओठ दिसतील अशी जागा लागते, आणि ज्याला भागाकार केव्हांच आला आहे त्याला शेजाऱ्याला समजावून सांगण्याचें काम लागतें. हें शेवटलें पंतोजींना ठाऊक होतें. चाळीस मुलांत हें सारें जमवणें सोपें नाहीं, आणि दर वर्षीं निकालाची टक्केवारी मागणाऱ्या शाळेंत तर नाहींच. तपासनीसाचें अनुदान गेलें, त्याची नजर राहिली आहे.

या सवलती मिळण्यासाठीं मुलाला बहुधा प्रमाणपत्र लागतें, आणि त्यासाठीं त्याला इस्पितळांत तपासणीस नेतात. तेथें पुष्कळदां मेजावर सेग्विनची फळी असते. दहा आकृत्या, दहा ठोकळे. तपासणारा घड्याळ हातांत घेऊन सेकंद मोजतो, तीनदां मोजतो, आणि त्यांतला कमींत कमी वेळ टिपून घेतो. त्याच घराण्यांतल्या आकृत्या आणि तसलेच ठोकळे गांवांतल्या बालमंदिरांतहि सतरंजीवर पडलेले असतात. तेथें एखादें मूल तारा वर्तुळांत बसवूं पाहतें, तो बसत नाहीं, म्हणून फिरवून पाहतें, मग चौकोनांत घालून पाहतें. ताई शेजारीं असते. तिच्या हातांत घड्याळ नसतें.